चुन्याच्या डबीतला पाहुणा

मला पहिल्यांदा बेरकी म्हणाली ती माझी आई, आणि तेही चारचौघांत, रॉकेलच्या रांगेत.

आमच्या चिखलीत तेव्हा शेतं जास्त आणि वर्कशॉप कमी होती. रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की दोन रांगा लागायच्या, एक बायांची, एक गड्यांची. मी असेन आठ-नऊ वर्षांची. बायांच्या रांगेत आमचा नंबर म्हणून मी एक वीट ठेवली आणि कॅन घेऊन स्वतः गड्यांच्या रांगेत घुसले. वडील कंपनीत गेलेत, त्यांच्या जागी मी, असं बिनधास्त सांगितलं. जी रांग आधी सरकेल तिथून रॉकेल घ्यायचं, एवढाच विचार. गड्यांची रांग आधी सरकली. कॅन भरला, आणि जाता जाता विटेची जागा शेजारच्या काकूंना देऊन टाकली. तेवढ्यात आई आली. काकूंनी कौतुकानं सगळं सांगितलं, तर आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लई बेरकी हाय ही. हिच्यापासून जपूनच ऱ्हावा तुमी."

मला कळेना, आता धपाटा बसणार की शाबासकी मिळणार. दोन्ही वेळेला आईचा चेहरा सारखाच असायचा. घरी गेल्यावर तिनं हातावर गुळाचा खडा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढे लग्न ठरवताना हाच शब्द परत आडवा आला. कांदेपोहे झाल्यावर मुलाच्या मावशीनं माझं वय विचारलं, आणि ते सांगायच्या आधी मी विचारून बसले की मुलाला महिन्यातून नाइट शिफ्ट किती असते. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी बेरकी वाटते. वडिलांना फार लागलं ते. मला मात्र हसू आलं. अहो, ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो घरी कधी असणार हे विचारलं तर त्यात काय पाप? शेवटी ज्या घरात पडले तिथल्या सासूबाई म्हणाल्या, "असू द्या बेरकी. आमचा लेक भोळासांब आहे, घरात एक तरी माणूस जागं हवं." हे वाक्य अजूनही ऐकवलं की नवरा मान खाली घालून हसतो.

तर या शब्दाची आणि माझी अशी जुनी ओळख. चतुर म्हटलं की मला शाळेच्या पुस्तकातला प्रधान आठवतो, धूर्त म्हटलं की कोल्हा. कावेबाज बायका मालिकांमध्ये असतात, सगळे दागिने घालून जिन्यात उभ्या. लबाड तर आपण रांगत्या पोरालाही म्हणतो आणि वर त्याचा गालगुच्चा घेतो. बेरकी मात्र सहसा कुणी लाडात म्हणत नाही, आणि सरळसोट शिवी म्हणूनही देत नाही. म्हणणारा जरा थांबतो, समोरच्याकडे नीट बघतो, मग म्हणतो. बेरकी नजर असं आपण सहज बोलतो, चतुर नजर कुणी बोलत नाही. हा शब्द डोळ्यांत असतो, अशी माझी आपली समजूत. आणि डोळ्यांवरच माझं पोट आहे, कारण मी मालाची तपासणी करते.

चिखलीतलंच वर्कशॉप. पंचवीस-तीस माणसं, वर पत्रा, उन्हाळ्यात भाजून निघतो. आम्ही ब्रेकच्या पेडलची पिन बनवतो, करंगळीच्या दोन पेरांएवढी. गाडीचा ब्रेक दाबला की पायाचा सगळा जोर तिच्यावर येतो. भट्टीतून कडक होऊन येताना एखाद्या पिनेला टोपीच्या खाली केसाएवढी चीर पडते. मापाच्या गेजला ती कळत नाही. ट्यूबलाइटखाली पिन तिरपी धरून फिरवली तरच दिसते, आणि तेही बघणाऱ्याचं चित्त ठिकाणावर असेल तर. चीर नजरेतून सुटली आणि ती पिन गाडीत बसली, तर एखाद्या घाटात त्या गाडीचं काय होईल, हे आमच्यात कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

मला हे काम शिकवलं आमच्या काकांनी. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. मोठ्या कंपनीत आयुष्य काढून, रिटायर होऊन आमच्याकडे तपासणीला आलेले, तळवड्याकडचे जुने गाववाले. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, पण चुन्याची डबी खिशात तशीच. त्या डबीत चुना नसायचा, एक पिन असायची. चीर पडलेली, आणि शेपटाकडे ओळखीला पंचनं मारलेले दोन बारीक ठिपके. तिला ते पाहुणा म्हणायचे.

पाहुण्याची रीत अशी. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, कुणाला पत्ता लागू न देता, काका तो पाहुणा तपासणीला आलेल्या ट्रेमध्ये सोडून द्यायचे. तपासणाऱ्यानं तो पकडला की रद्द मालाच्या लाल पेटीत टाकायचा, काका तिथून काढून घ्यायचे आणि डबीत ठेवायचे. नाही पकडला तर अख्खा लॉट उलटा करून पहिल्यापासून बघायला लावायचे. बाकी काही बोलायचे नाहीत. नियम एकच होता, आणि तो काका स्वतःसाठी पाळायचे. "सोडलेला पाहुणा हातात आल्याबिगर टेम्पो हलवायचा न्हाई."

पहिल्या वर्षी माझ्या हातून पाहुणा सुटला. आदल्या रात्री मुलाला ताप होता, माझे डोळे उघडे होते एवढंच. काकांनी तीन खोकी माझ्यासमोर उपडी केली आणि स्टूल ओढून शेजारी बसले. चारशेव्या पिनेला कुठेतरी तो सापडला आणि मला रडूच फुटलं. मुद्दाम पेरून ठेवायचं आणि मग पकडायचं, ही काय पद्धत झाली? रडत रडतच मी म्हणाले, "काका, तुम्ही फार बेरकी आहात."

काकांना राग आला नाही. "व्हय, हाय," ते म्हणाले. "आन् तू बी हो. लबाड मानूस दुसऱ्याला फसवतो. बेरक्याला दुसरा फसवू शकत न्हाई. येवढाच फरक. ही चीर लबाड हाय पोरी, तोंड लपवून बसती. तुला तिच्याहून बेरकी व्हावं लागंल."

तीस वर्षं त्या शब्दाला मी मनातून घाबरत होते, आणि या माणसानं तो मला कामाचं हत्यार दिल्यासारखा हातात दिला. मी डोळे पुसले आणि उरलेल्या पिना बघायला घेतल्या.

काका गुडघ्यांमुळे घरी बसले त्याला आता दोन वर्षं होतील. जाताना डबी माझ्याकडे दिली. तपासणी माझ्या अंगावर आली, आणि हाताखाली एक नवी मुलगी आली. बीडकडची, बावीस वर्षांची, इथे आईला घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारी. आधी चाकणला एका ठिकाणी काम केलेलं, ते का सुटलं हे विचारलं तर म्हणाली, "सुटलं मॅडम, बास." दिवसभर तोंडातून चकार शब्द नाही. शेठ मला दोनदा म्हणाले, "ही पोरगी जागी असते का हो?" मी तिची बाजू घेतली, पण मनात माझंही तेच होतं. भोळी आहे, गरीब गाय आहे, हिला चीर काय दिसणार. अहाहा, मोठी आले मी माणसं ओळखणारी!

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या ट्रेमध्ये पाहुणा सोडला. सकाळी आठचा सुमार. ती पाणी प्यायला उठली होती. मी ट्रेवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि पिन खाली सरकवली. मग आपल्या जागी येऊन बसले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. पिन उचलायची, फिरवायची, ठेवायची, तिचा हात एका लयीत चाललेला. मला काही विशेष दिसलं नाही.

दहा वाजता शेठनी आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी चाकणच्या कंपनीची माणसं आमचं वर्कशॉप बघायला येणार होती, आणि त्यांना दाखवायची एक फाइल जागेवर नव्हती. कपाट उपसलं, टेबल उपसलं, शेठचा रक्तदाब आणि माझा आवाज दोन्ही चढले. फाइल निघाली शेठच्याच गाडीत, मागच्या सीटवर. या गोंधळात मुलगी अकराला हाफ डे घेऊन गेली, आईला दवाखान्यात दाखवायचं होतं. पॅकिंगवाल्यानं तीन खोकी बंद केली. साडेअकराला टेम्पो चाकणच्या वाटेला लागला.

सव्वाबाराला मी डबा उघडला. हात पुसायला खिशातून रुमाल काढला, तर सोबत चुन्याची डबी बाहेर आली. हलकी लागली. घास हातातच राहिला.

धावत जाऊन लाल पेटी फरशीवर उलटी केली. चार पिना निघाल्या, एकीलाही ठिपके नाहीत. पुन्हा बघितलं. बाकाखाली वाकून बघितलं, झाडलोट केलेल्या कचऱ्यात हात घातला. नाही. म्हणजे तिच्या नजरेतून सुटला, ट्रेमधून खोक्यात गेला, खोक्यातून टेम्पोत. माझ्या हातानं सोडलेली, चीर पडलेली पिन मीच गाडीच्या ब्रेककडे रवाना केली होती. काकांनी एकच नियम दिला होता, एकच!

मुलीला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. टेम्पोवाल्या भाऊंना लावला, रिंग वाजतच राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा भाऊंचा नियम, आणि एरवी मला त्याचं कौतुक असतं. त्या दिवशी मात्र मी त्यांना मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेठना सांगायचं धाडस झालं नाही, हे कबूल करते. स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाले. मनाशी एवढंच पक्कं केलं की टेम्पो कंपनीच्या बाहेर सापडला तर तिथेच खोकी उघडून पिन शोधायची, आणि आत जाऊन माल उतरला असेल तर तिथल्या साहेबासमोर उभं राहून सगळं सांगून टाकायचं, लॉट अडवा म्हणायचं. मग नोकरी जायची तर जाऊ दे. नोकरी दुसरी मिळेल. कुणाचं तरी माणूस त्या गाडीत बसणार होतं.

मोशीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चिंबळी फाट्यापासून पुढे कंटेनरच कंटेनर. कुरुळीपर्यंत येताना मी रस्त्याच्या कडेच्या मातीतून, चुकीच्या बाजूनं, जमेल तशी गाडी घातली. एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, घरी सांगून आलाय का?" त्याला उत्तर द्यायलाही थांबले नाही, आणि मी उत्तर न देता पुढे जाणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

चाकणच्या ट्रॅफिकला आम्ही सगळे वर्षभर शिव्या देतो. त्या दिवशी मी त्याला हात जोडले. कंपनीच्या गेटाबाहेर मालाच्या गाड्यांची ही लांब रांग होती, आणि तिच्या मधोमध आमचा टेम्पो. भाऊ टपरीजवळच्या सावलीत उभे राहून भेळ खात होते. मला बघून त्यांचा घास अडकला.

"मॅडम? काय झालं? शेठ बरे आहेत ना?"

"शेठ ठणठणीत आहेत. मागचं फाळकं उघडा."

टेम्पोत ताडपत्री पसरली, पहिलं खोकं फोडलं आणि मांडी घालून बसले. प्रत्येक खोक्यात अडीचशे पिना. उन्हाचा उजेड ट्यूबलाइटपेक्षा बरा, हे त्यातल्या त्यात नशीब. एकेक पिन उचलायची, तिरपी फिरवायची, शेपटाकडचे ठिपके बघायचे, बाजूला ठेवायची. भाऊंना थोडक्यात सांगितलं. ते "अरे देवा" एवढंच म्हणाले आणि आपली पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली.

पहिल्या खोक्यात काही नव्हतं. रांग सरकली की भाऊ टेम्पो चार हात पुढे घ्यायचे आणि मी पिना सांडू नयेत म्हणून ताडपत्रीच्या कडा धरून बसायची. दुसऱ्या खोक्यातही काही नाही. मान आखडली, बोटं तेलानं काळी झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिसरं खोकं उघडतेय तोच गेटवरून आमचा टोकन नंबर पुकारला.

भाऊ मागे आले. "मॅडम, आपला नंबर आला. आता नाही गेलो तर परत रांगेच्या शेवटी. आज माल उतरायचा नाही बहुतेक. वरून बोंबाबोंब होईल." मग जरा दबक्या आवाजात म्हणाले, "दोन खोकी तर झाली की. राहिलं एक. ते लोक बघतातच ना आत गेल्यावर."

बघतात. शंभरातल्या पाच-दहा बघतात, ते मला माहीत होतं आणि भाऊंनाही. मी त्या उघड्या खोक्याकडे बघितलं. खरं सांगते, एक क्षण मोह झाला. नंबर घ्यावा, माल द्यावा, मुलीला नंतर फोन करावा, कदाचित तिनं पाहिली असेल, कदाचित कचऱ्यात गेली असेल. स्वतःची समजूत घालायला माणसाला किती कारणं सुचतात, बापरे!

"नंबर जाऊ दे," मी म्हणाले.

"मॅडम, शेठ—"

"शेठना मी सांगते. टेम्पो बाजूला घ्या, भाऊ."

त्यांनी टेम्पो बाजूला घेतला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत आमच्या जागेत शिरला. मी तिसरं खोकं ताडपत्रीवर ओतलं आणि पुन्हा सुरुवात केली. पन्नास, शंभर, दीडशे. दोनशेच्या पुढे गेल्यावर प्रत्येक पिन उचलताना वाटायचं, हीच. शेवटच्या दहा राहिल्या तेव्हा श्वास धरूनच होते. शेवटची पिन फिरवली. चांगली, गुळगुळीत, देखणी पिन. ठिपके नाहीत, चीर नाही.

आणि तिथे मी खरी घाबरले. तिन्ही खोक्यांत पाहुणा नव्हता, याचा एक अर्थ असा की तो टेम्पोत आलाच नाही. दुसरा अर्थ असा की तो माझ्या बोटांतून गेला आणि मला दिसला नाही. पंधरा वर्षं या डोळ्यांवर विसंबले होते. आता त्या साडेसातशे पिनांच्या ढिगाकडे बघत होते आणि छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं की मी सगळ्या नीट बघितल्या. परत पहिल्यापासून बघायच्या? कुणाच्या डोळ्यांनी?

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा.

"मॅडम, लय फोन केले की तुमी. आत दवाखान्यात फोन बंद ठिवायला लावला व्हता."

"सकाळी तुझ्या ट्रेमध्ये चिरेची पिन मिळाली का? दोन ठिपके असलेली?"

तिचा आवाज आला, बारीक आणि थंड. "म्हंजी तुमी टाकली व्हती?"

"अगं बाई, कुणी टाकली ते राहू दे! पिन कुठाय?"

"माज्यापाशी हाय. डब्याच्या पिशवीत, रुमालात बांधून ठिवलीय. मला लगीच दिसली ती, धाव्या-बाराव्या पिनेला."

मी मागच्या मागे ताडपत्रीवर आडवी झाले. वर टेम्पोची जाळी, जाळीवर आभाळ. पाठीला पिना टोचत होत्या आणि मला हसू येत होतं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ घाबरून आत डोकावले. मी हातानंच खूण केली, सापडली, सापडली. हुश्श झालं हो! दुपारपासून छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. ती पिन एका बाईच्या रुमालात होती, भाकरीच्या शेजारी, कुठल्याही ब्रेकपासून कोसभर लांब.

जरा भानावर आल्यावर मी विचारलं, "मग लाल पेटीत का नाही टाकलीस?"

ती एकदम बोलली, एवढं सलग मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. "आधीच्या कंपनीत बी माज्या ट्रेमदी अशीच खराब पिन कोणतरी टाकायचं मॅडम. मी भोळी, गप पेटीत टाकून द्यायची. एक दिस ती सुटली आन् मला काडून टाकलं. कुणी केलं ते आजपातूर कळलं न्हाई. म्हनून ही घावली तवा मी ठिपके बगितले. म्हनलं, हे कुणीतरी हातानं मारल्यात. पेटीत टाकली तर गेली. पिशवीत ऱ्हाऊ दे. ज्यानं टाकली त्यो हुडकत येतोच. तवा कळंल, हितं माज्या वाईटावर कोण हाय ते."

मग म्हणाली, "तर तुमी निघालात."

मी उठून बसले. मी रडत रडत काकांना बेरकी म्हटलं होतं ते आठवलं. तेव्हा काका शेजारी स्टूल घेऊन बसले होते, म्हणून मला त्यांचा हेतू समजला. हिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. मी लांबून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसले होते, आणि वर तिला गरीब गाय समजत होते. ती मात्र पिनेचे ठिपके बघून पार टाकणाऱ्याच्या हातापर्यंत पोचली होती, आणि गप्प राहून त्याची वाट बघत होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "अगदी चुकलं. उद्या ये, सगळं सांगते. तुझ्या वाईटावर नाही गं मी. आई कशी आहे?"

"बरी हाय. हाड मोडलं न्हाई, मुरगळलाय पाय."

"देवा, बरं झालं," मी म्हणाले, आणि ते आईसाठी होतं आणि बाकी सगळ्यासाठीही.

माल त्या दिवशी संध्याकाळी उशिरा उतरला. स्टोअरवाल्यानं भाऊंना झापलं, शेठनी मला झापलं. मी सगळं खरं खरं सांगितल्यावर ते दहा मिनिटं बोलले, आणि ती बोलणी मला खायलाच हवी होती. नियम मी मोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं रुमालाची गाठ सोडून पिन माझ्या टेबलावर ठेवली. मी तिला स्टूल दिलं, शेजारी बसवलं आणि काकांपासून सगळी हकिकत सांगितली. रीत सांगितली, नियम सांगितला. ऐकताना ती माझ्या डोळ्यांत रोखून बघत होती, मी खरं बोलतेय का हे जोखत. तिला लाजल्यासारखं अजिबात झालं नाही. मला तिची ती नजर फार आवडली. मग मी पिन डबीत घातली आणि डबी तिच्या हातावर ठेवली.

"आता पाहुणा तू सोडायचा," मी म्हणाले. "माझ्या ट्रेमध्येसुद्धा."

"तुमच्याबी?"

"माझ्या तर आधी."

ती पहिल्यांदा हसली. समोरचा दात किंचित पुढे आहे तिचा, तेव्हा कळलं.

त्यानंतर दीड-दोन महिने काहीच झालं नाही. मी पहिले काही दिवस दबकून होते, ट्रे आला की ठिपके शोधायची. मग सवयीनं विसरले. परवा दुपारी माझा लॉट तयार झाला, खोकी टेम्पोत चढली, भाऊंनी इंजिन चालू केलं आणि हॉर्न वाजवला. एकदा वाजवला, दोनदा वाजवला. मी बाहेर येऊन बघते तर ही बाई टेम्पोच्या पुढ्यात उभी, बॉनेटवर हात ठेवून.

"टेम्पो हलायचा न्हाई," ती म्हणाली.

त्या लॉटच्या सगळ्या पिना मी स्वतः बघितल्या होत्या, एकटीनं. सगळं वर्कशॉप दारात गोळा झालं. शेठ खिडकीत. मी खोकी खाली उतरवायला सांगितली. दोघी समोरासमोर बसलो. तिला ठाऊक होतं पिन कुठे आहे, पण ती बोट दाखवेना, नुसती बघत बसली. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी मला तो सापडला. दोन ठिपके, टोपीखाली चीर, ट्यूबलाइटमध्ये लख्ख दिसणारी. माझ्या बोटांतून गेला होता आणि मला दिसला नव्हता.

म्हणजे त्या दिवशी टेम्पोत मला जी भीती वाटली होती ती खरीच होती. माझ्या डोळ्यांनाही चीर सुटते. हे कळल्यावर वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. अंग एकदम हलकं झालं. काका घरी बसल्यापासून वाटायचं, या दारात जागं राहणारी मी एकटीच. आता दुसरी आली होती.

भाऊ खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "लई बेरकी हाय राव ही पोरगी!"

"आहेच मुळी," मी म्हणाले, आणि पाहुणा तिच्या हातात दिला. तिनं ठिपके बघितले, पिन डबीत ठेवली, डबी खिशात घातली, आणि मगच भाऊंना म्हणाली, "जावा आता."